आवक क्रमांक दीडशे

आमच्या ग्रंथालयातलं माझं टेबल हटवून तिथे सोफा टाकायचा, हे ज्या बैठकीत ठरलं त्या बैठकीला मी हजर होतो. मला वाटलं, नेहमीप्रमाणे वाचकांच्या सोयीची चर्चा चालली आहे. सोफ्याचा रंग निळा घ्या, डाग दिसत नाहीत, असंही मीच सुचवलं. मग पडद्यावर नकाशा आला आणि तो निळा सोफा बरोबर माझ्या बसण्याच्या जागेवर ठेवलेला दिसला.

टेबल म्हणजे चौकशीचं टेबल. बर्चच्या लाकडाचं, वर पितळी दिवा आणि 'विचारा' अशी पाटी. स्वीडनमधल्या एका मध्यम आकाराच्या विद्यापीठात मी संदर्भ ग्रंथपाल आहे, म्हणजे लोकांनी विचारायचं आणि मी शोधून द्यायचं. सव्वीस वर्षं मी त्या पाटीमागे बसलो आहे. आमची संचालिका मालिन छत्तीस वर्षांची आहे आणि इतकी गोड आहे की तिने एखाद्याला बढतीच्या नावाखाली तळघरात धाडलं तरी तो घरी जाऊन आधी तिचं कौतुक करील. ती म्हणाली, "स्टॅफन, गेल्या सत्रात तुझ्याकडे रोज सरासरी सहा प्रश्न आले. त्यातले चार स्वच्छतागृह कुठे आहे, हे होते."

हे खरं होतं. पण खरं असलं म्हणून सगळ्यांसमोर बोलून दाखवायची गरज नव्हती. पुढे तिने सांगितलं की मुलं आता टेबलाशी येत नाहीत, ती फोनमध्ये असतात. यावर येस्परने मान हलवली. येस्पर म्हणजे आमचा डिजिटल समन्वयक. वय एकतीस, दाढी राखलेली, आणि तो नेमकं कशाचं समन्वयन करतो हे मला अजून कळलेलं नाही. सोफ्याची कल्पना त्याचीच असणार, असा मला तेव्हाच संशय आला. रागाच्या भरात मी उभा राहिलो आणि म्हणालो की मुलं फोनमध्ये असतील तर मी टेबल फोनमध्ये नेतो. सोशल मीडियावर खातं काढतो आणि तिथे प्रश्न घेतो.

मालिनचा चेहरा उजळला, आणि ती चटकन कबूल झाली तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. अट अशी ठरली. एकतीस मे, शुक्रवार, दुपारी चारपर्यंत या खात्यावर दीडशे खरे प्रश्न आले, तर टेबल राहील. नाही आले तर सोफा येईल आणि मी गावाबाहेरच्या कोठारात जाईन. पन्नास वर्षांत कोणी मागितली नाहीत ती पुस्तकं तिथे ठेवतात. स्वच्छतागृहाचे प्रश्न धरायचे नाहीत, हेही तिने गोड हसून सांगितलं.

खातं काढायला येस्परला चार मिनिटं लागली. परवानग्यांना सहा आठवडे लागले. विद्यापीठाच्या मुद्रेत एल्क हरणाचं डोकं आहे आणि खात्यावरचं चित्र गोल असतं, त्यामुळे शिंगांची टोकं कापली जात होती. जनसंपर्क विभागाने कळवलं की शिंगं कापता येणार नाहीत. शेवटी डोकं इतकं लहान केलं की ते एल्क आहे की बटाटा हे ओळखू येईना, पण शिंगं शाबूत राहिली. मग माहिती-सुरक्षेचा एकोणीस पानी फॉर्म आला. त्यात मी लोकांच्या धार्मिक मतांची नोंद ठेवणार आहे का, असं विचारलं होतं. मी 'नाही' लिहिलं. पुढच्याच ओळीत, धर्माविषयी प्रश्न आल्यास काय करणार, असं होतं. मी 'उत्तर देणार' लिहिलं. फॉर्म परत आला, कारण माझी दोन उत्तरं एकमेकांशी जुळत नव्हती.

माझ्या फोटोवरूनही घरात चर्चा झाली. माझी बायको अनेली दातांच्या दवाखान्यात नर्स आहे, त्यामुळे हसण्याबद्दल तिची मतं ठाम आहेत. तिने चौदा फोटो काढले. पंधराव्यात मी हसलो, तो तिने पाहिला आणि म्हणाली, "न हसलेला टाक."

आमच्या इमारतीत खाली सगळ्यांची मिळून एक धुलाईची खोली आहे. पाळी वहीत लिहून घ्यायची असते. माझ्या आधीची पाळी बॅर्टिलची. वय एकोणऐंशी, कर खात्यातून निवृत्त, पण फक्त कागदोपत्री. त्याचे कपडे धुऊन झाले तरी तो बाकावर बसून राहतो, पुढचा माणूस यंत्राच्या गाळणीत अडकलेला कपड्यांचा धागा काढतो की नाही ते बघायला. मी त्याला खात्याबद्दल सांगितलं. त्याने चष्मा पुसला आणि विचारलं, "प्रश्न विचारणारा कोण आहे हे तुला कळणार कसं?" कळायची गरज काय, असं मी म्हणालो.  त्याने माझ्याकडे असं पाहिलं की चाळीस वर्षांत किती लोकांचा कर या नजरेने वसूल झाला असेल, याची मला कल्पना आली. मनात पाल चुकचुकली ती तेव्हापासून.

शेवटची पायरी गुनवरची होती. गुनवर सांदेल आमच्या आवक-जावक विभागाची प्रमुख आहे आणि त्या विभागात दुसरं कोणी नाही. तळमजल्यावर तिची खोली. करड्या लोकरीचं जॅकेट, शिक्क्यांचा स्टँड, पंच मशीन. एकतीस वर्षं ती तिथे आहे. कॉफीच्या वेळी वर येते, कॉफीच्या टेबलाच्या टोकाला बसते, विणकाम करते आणि सगळ्यांचे कप धुऊन परत जाते. मी तिला सांगायला गेलो की सोशल मीडियावरचे प्रश्न किरकोळ असतात, त्यांची नोंद करायची गरज नाही.

"किरकोळ काय ते तू ठरवणार?" ती म्हणाली.

मग तिने मला समजावून सांगितलं. विद्यापीठ सरकारी आहे. सरकारी दारात आलेला लेखी शब्द सार्वजनिक असतो. तो छापायचा, दोन भोकं पाडायची, शिक्का मारायचा, क्रमांक द्यायचा. उद्या कोणीही येऊन तो बघायला मागू शकतो, आणि मागणाऱ्याला तू कोण, तुला कशाला हवं, हे विचारायचं नसतं. मी म्हणालो, आणि जो प्रश्न पाठवतो त्याला? "त्यालाही नाही," गुनवर म्हणाली. "तुझ्या टेबलाशी आलेल्याचं नाव तू कधी विचारलंस?" विचारलं नव्हतं. तेव्हा असं ठरलं की रोज तीन वाजता मी आलेले प्रश्न छापून तिच्या ट्रेमध्ये नेऊन ठेवायचे. मालिन अंतिम मोजणी तिच्याच वहीवरून करणार होती. खात्याचा पासवर्ड फक्त माझ्याकडे. येस्परने खातं उघडून दिलं त्याच दिवशी मी तो बदलला होता.

पहिल्या आठवड्यात एकवीस संदेश आले. अकरा जणांनी स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारलं होतं, तेही ग्रंथालयात बसून. गुनवरने त्यांच्यासाठी वेगळी वही केली. एकाने मी त्याचा निबंध लिहून देईन का, असं विचारलं. बाकीच्यांनी माझ्या फोटोला नुसते अंगठे पाठवले. अंगठा हा प्रश्न नाही, असं माझं मत होतं. गुनवरचं म्हणणं, प्रश्न नसला तरी तो लेखी आहे. तिने तो पुरवणी म्हणून नोंदवला. 'अंगठा, उजवा, वरच्या दिशेने, पिवळा.' तो उजवाच कशावरून, यावर आमचा पंधरा मिनिटं वाद झाला आणि मी हरलो.

दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, दहा वाजून दहा मिनिटांनी चिमणी आली.

खात्याचं नाव 'चिमणी', चित्र नाही, फोटो नाही. प्रश्न असा होता की पूर्वी साखर नसताना लोक लिंगोनबेरीची लाल रानफळं नुसत्या पाण्यात घालून वर्षभर टिकवत, ती कुजत कशी नसत? मी खुर्चीत सरळ बसलो. सव्वीस वर्षांत असा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी तीन पुस्तकं काढली, एक जुना शेतकी अहवाल काढला, आणि दीड पानाचं उत्तर पाठवलं. त्या फळातच एक आम्ल असतं, तेच त्याला राखतं. दहा मिनिटांत उलट उत्तर आलं, 'धन्यवाद. उद्या दुसरं विचारते.'

दुसऱ्या दिवशी दहा वाजून दहा मिनिटांनी तिने विचारलं की विद्यापीठातली व्याख्यानं नेमलेल्या वेळेनंतर पाव तासाने सुरू होतात, हा पाव तास पहिल्यांदा कोणी दिला? तिसऱ्या दिवशी, बेटांवर टपाल हिवाळ्यात कसं जायचं? मी लिहिलं की समुद्र गोठला की शेतकरी नाव बर्फावरून ओढत न्यायचे, बर्फ फुटला की वल्हवायचे. यावर चौथ्या दिवशी, 'त्यांच्यात बायका होत्या का?'

मी घरी येऊन अनेलीला सांगायचो. खरं सांगायचं तर मी खूश होतो. सकाळी आवरताना शीळ घालायचो. अनेलीही विचारायची, आज चिमणी आली का? मार्चअखेर वहीत साठ प्रश्न झाले आणि त्यातले अठ्ठावीस चिमणीचे होते. हे सगळं मी धुलाईच्या खोलीत मोठ्या अभिमानाने बोललो.

"रोज दहा वाजून दहा?" बॅर्टिल म्हणाला. "शनिवार-रविवार सोडून?"

"हो."

"मग तो माणूस पगारावर आहे," बॅर्टिल म्हणाला आणि चादरीची घडी घालू लागला. त्यांच्या खात्यातही असंच करत, हे त्याने पुढे सांगितलं. साध्या वेशात माणूस पाठवायचा, गिऱ्हाईक म्हणून.

त्या दिवसापासून माझी शीळ बंद झाली. मी विचार करू लागलो, आणि जितका विचार केला तितकं सगळं जुळत गेलं. खरा विद्यार्थी असा प्रश्न विचारत नाही. खरा विद्यार्थी विचारतो, 'पाच संदर्भ हवेत, छोटे, आजच.' खरा विद्यार्थी 'धन्यवाद' लिहीत नाही आणि सकाळी दहाला उठत नाही. मालिनने बाहेरचा परीक्षक नेमला होता आणि तो माझी उत्तरं तपासत होता. चूक सापडली की टेबल गेलं. मी प्रत्येक उत्तर तीन-तीनदा तपासू लागलो. पाव तासावरचं उत्तर सतरा दिवसांनी पुन्हा पाठवलं, कारण त्यात एक तारीख दोन वर्षांनी चुकली होती. चिमणीने लिहिलं, 'इतकी काळजी घेतलीस, बरं वाटलं.' परीक्षक असं लिहील का? मला वाटलं, हुशार परीक्षक अगदी असंच लिहील.

पण अनेलीचं ते रोजचं विचारणं मनातून जाईना. आज चिमणी आली का, आज काय विचारलं. तिच्या दवाखान्यात कॉफीची सुट्टी दहाला असते. जानेवारीत मी जेवताना तिच्यासमोर कोठाराबद्दल बोललो होतो, जरा जास्तच बोललो होतो. आणि लिंगोनबेरीचा मुरांबा करते कोण? एका गुरुवारी, पिवळ्या वाटाण्याचं सूप वाढत असताना, मी शक्य तितक्या सहज आवाजात म्हणालो, "तुझी सुट्टी दहालाच असते ना अजून?"

तिने पळी खाली ठेवली. एकतीस वर्षांच्या संसारात ती पळी अशी ठेवलेली मी दोनदाच ऐकली आहे.

"तुझी कीव येऊन मी चोरून प्रश्न पाठवते, असं म्हणायचंय तुला?"

मी तसं म्हटलं नव्हतं, नुसतं विचारलं होतं, असं मी सांगितलं.

"स्टॅफन, मला काही विचारायचं असलं तर मी तुला घरात विचारते. आणि तू म्हणतोस, बघू."

आमच्याकडे दर गुरुवारी सूप आणि त्यानंतर पॅनकेक असतात; त्या गुरुवारी ते तिने एकटीपुरते केले. मी तिथे बसून ते खाल्ले जाताना पाहिले. चूक माझी होती हे मला कळत होतं, पण माफी मागायला मी तेव्हा मोकळा नव्हतो. चिमणी अनेली नाही तर कोण, हा प्रश्न डोक्यात घुसला होता.

उरला येस्पर. आता माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी चुकावं, थकावं किंवा हास्यास्पद ठरावं, यात फायदा कोणाचा होता? मी सापळा लावला. दुसऱ्या दिवशी कॉफीच्या वेळी सगळे उठून गेल्यावर मी येस्परला थांबवलं आणि आवाज खाली आणून सांगितलं की मला खाली एक खोकं सापडलं आहे, शंभर वर्षांपूर्वीच्या विद्यापीठाच्या घड्याळजीची पत्रं, कोणाला बोलू नकोस. असं खोकं नव्हतं. खोलीत आम्ही दोघंच होतो. गुनवर सिंकपाशी कप धूत होती, पण तिला मी धरलं नाही. गुनवर कधी कोणाला काही विचारत नसे.

दुसऱ्या कामाच्या दिवशी दहा वाजून दहा मिनिटांनी चिमणीने विचारलं, 'घड्याळजीची जुनी पत्रं कुठे असतील का?'

मी तो प्रश्न छापला, कागद घडी घालून खिशात ठेवला आणि पुढच्या कॉफीची वाट पाहिली. वेलदोड्याचे बन आले होते, सात माणसं बसली होती. मी उभा राहिलो. पाटीमागे बसणाऱ्या माणसाला उभं राहून बोलायची सवय नसते, त्यामुळे आवाज जरा चढला. मी येस्परला म्हणालो की लपून वार करणं बंद कर, टेबल हवं असेल तर तोंडावर माग. वगैरे वगैरे. 'वगैरे' मध्ये त्याच्या दाढीचाही उल्लेख होता.

येस्पर बनचा घास तोंडात तसाच धरून माझ्याकडे पाहत राहिला. मग त्याने फोन काढला. मंगळवारी आणि बुधवारी तो अर्ध्या दिवसाच्या पालकत्व रजेवर असतो. दहा वाजता त्याच्या आठ महिन्यांच्या मुलीचा पोहण्याचा वर्ग असतो, आणि चिमणी त्या दिवशीही येत होती. फोटो होता. येस्पर पाण्यात, डोक्यावर बदकाची टोपी, हातात मुलगी, मागच्या भिंतीवर घड्याळ, आणि घड्याळात दहा वाजून दहा. "फोन लॉकरमध्ये असतो," तो म्हणाला. "हा माझ्या बायकोने काढलाय." त्याच्या आवाजात राग नव्हता, तो दुखावला होता, आणि ते मला सहन होईना. टेबलाच्या टोकाला गुनवरची विणकामाची सुई थांबली होती. तिने कोणाचेही कप न धुता उठून जाण्याची ती पहिलीच वेळ होती, पण माझं तिकडे लक्ष कुठे होतं.

मग रीतसर बैठक झाली. मालिन, येस्पर, कर्मचारी संघटनेची प्रतिनिधी आणि मी. इतिवृत्त लिहिलं गेलं. 'स्टॅफन एकरूट यांना असं वाटलं की एक चिमणी त्यांच्या मागावर आहे.' मी 'चिमणी' शब्दाला अवतरणचिन्हं घालायची विनंती केली, ती नोंदवून नामंजूर झाली. इतिवृत्त म्हणजे सार्वजनिक कागद, तेव्हा त्याला क्रमांक मिळाला, दोन भोकं पडली. आणि मेच्या शेवटच्या गुरुवारी मी धुलाईच्या खोलीत गेलो, तर बॅर्टिल बाकावर बसून ते इतिवृत्त तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना वाचून दाखवत होता. त्याने सरळ विद्यापीठात जाऊन प्रत मागितली होती. त्याला कशाला हवी, हे कोणी विचारलं नव्हतं.

"पान दोनवर तुझी बाजू जरा कच्ची आहे," तो मला म्हणाला.

दुसरा दिवस एकतीस मे. माझ्या वहीत एकशे एकोणपन्नास प्रश्न झाले होते. सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

चिमणीने लिहिलं होतं, 'हा शेवटचा विचारते. टपाल नावेवर एडला नावाची एक बाई होती असं घरात सांगत. तिचं नाव कुठल्या यादीत आहे का?'

दीडशेवा. मी तो कितीतरी वेळ पाहत बसलो. नेमका शेवटच्या दिवशी, नेमका एक कमी असताना. हे आपोआप कसं होईल? कोणीतरी माझं टेबल वाचवत होतं किंवा कोणीतरी मला खेळवत होतं, आणि दोन्ही मला तेव्हा सारखंच लागलं. मी सव्वीस वर्षं लोकांना खरं ते शोधून दिलं होतं. कोणाच्या तरी दयेवर किंवा डावावर ते टेबल मला नको होतं. मी उत्तर दिलं नाही. तीन वाजता ट्रेमध्ये कागद ठेवायला गेलो तेव्हा हातात फक्त स्वच्छतागृहाचे दोन प्रश्न होते, चिमणीचा कागद नव्हता. गुनवरने ट्रेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "आज इतकेच?" तिने विचारलं. मी म्हणालो, हो, इतकेच. चार वाजता मी पितळी दिव्याची वायर गुंडाळली. त्या वायरीवर माझं इतकं प्रेम असेल हे मला माहीत नव्हतं.

शनिवार-रविवार मी माफ्या मागितल्या. आधी अनेलीची. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, बघू. मग येस्परच्या घरी बदकाची नवी टोपी घेऊन गेलो. त्याची मुलगी माझ्याकडे बघून रडली, पण त्याने कॉफी दिली.

सोमवारी मालिनने मला बोलावलं. मी पाटी बरोबर नेली, म्हटलं, स्वतःच्या हाताने द्यावी. ती उठून उभी राहिली आणि तिने चक्क माझे दोन्ही हात धरले. "अभिनंदन, स्टॅफन. दीडशे."

मी म्हणालो, एकशे एकोणपन्नास. मी रोज मोजत होतो. तिने गुनवरची वही माझ्यापुढे सरकवली. शेवटच्या ओळीत, गोल, उभ्या, नीटनेटक्या अक्षरात लिहिलं होतं. 'आवक क्रमांक १५०. ३१ मे. टपाल नावेवरील एडला, यादीत नाव आहे का?' बाजूला शिक्का.

मी ती ओळ पुन्हा वाचली. तो प्रश्न मी छापला नव्हता. कोणाला दाखवला नव्हता, बोललो नव्हतो. पासवर्ड माझ्या डोक्यात होता. जगात तो प्रश्न दोघांनाच माहीत होता, ज्याला आला त्याला आणि जिने पाठवला तिला. पाठवणारीला कोणी पकडलं नसतं. तिने गप्प बसायचं होतं, बस. पण लेखी शब्द सरकारी दारात आला होता आणि त्याला क्रमांक नव्हता, हे तिला सोसलं नाही.

"काय झालं?" मालिनने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "मोजायला चुकलो."

त्यानंतरचे चार दिवस मी एडलाला शोधत होतो. टपाल खात्याच्या नावाड्यांच्या याद्या पाहिल्या. एडला कुठेच नव्हती. पण एका बेटावरून सांदेल आडनावाचा एकच माणूस होता, सलग नऊ हिवाळे, आणि चर्चच्या लग्नाच्या नोंदीत त्याच्या बायकोचं नाव एडला होतं. मग चर्चच्या दफनाच्या नोंदी काढल्या, तर तो नवरा पहिल्या दोन हिवाळ्यांनंतरच वारलेला. सात हिवाळे मेलेला माणूस नाव वल्हवत होता. शेवटी टपाल निरीक्षकाच्या पत्रांच्या गठ्ठ्यात एक पत्र सापडलं. त्याने वरिष्ठांना लिहिलं होतं की त्या बेटावरच्या नावेचं मागचं वल्हं विधवा एडला धरते, टपाल वेळेवर येतं, आणि त्याबद्दल कोणी काही विचारू नये अशी विनंती आहे.

मी उत्तर लिहिलं, पत्राची प्रत जोडली, चिमणीला पाठवलं. मग छापलं आणि जावक क्रमांकासाठी खाली घेऊन गेलो. एरवी गुनवर कागदाचा वरचा कोपरा बघते आणि शिक्का मारते. त्या दिवशी तिने पूर्ण वाचलं. उलटून पुन्हा वाचलं. दोन भोकं पाडली. शिक्का मारला, तो उलटा पडला. सव्वीस वर्षांत तिचा शिक्का उलटा पडलेला मी पहिल्यांदा पाहिला. आम्ही दोघंही त्या शिक्क्याकडे पाहत राहिलो.

"हे कोणी विचारलं होतं, ते मी विचारत नाही," मी म्हणालो.

"विचारायचं नसतंच," ती म्हणाली.

मी दारापर्यंत जाऊन थांबलो. म्हटलं, चिमणीला कळवायची सोय असती तर बरं झालं असतं, वर टेबलाशी एक खुर्ची नेहमी रिकामी असते. गुनवर शिक्का पुसत होती. ती म्हणाली की टेबलाशी उभं राहिलं की सगळं ग्रंथालय बघतं. काही लोकांना ते जमत नाही.

बॅर्टिलने त्या गुरुवारी मला विचारलं, शेवटी कोण निघालं? मी गाळणीतला धागा काढत म्हणालो की कळलं नाही. त्याचा विश्वास बसला नाही. अनेलीनेही विचारलं. तिला मी सांगितलं की कळलं आहे पण सांगता येत नाही. तिने पॅनकेक दोघांपुरते केले.

पुढच्या सोमवारी दहा वाजून दहा मिनिटांनी मी फोन समोर ठेवून बसलो होतो. फोन वाजला नाही. मान वर केली तर जिन्यावरून गुनवर येत होती. लोकरीचं जॅकेट, हातात काही नाही. कॉफीची वेळ सोडून ती वर आल्याचं मला आठवत नाही. ती टेबलाशी येऊन उभी राहिली. पलीकडे विद्यार्थी बसले होते, मागे येस्पर टेप घेऊन दुसरीकडे सोफा मावतो का ते मोजत होता. गुनवरने सगळीकडे पाहिलं. तिचे कान लाल झाले.

"स्वच्छतागृह कुठे आहे?" तिने विचारलं.

"डावीकडे, दुसरं दार," मी तितक्याच गंभीरपणे सांगितलं.

ती गेली. मला वाटलं, आता तशीच खाली जाईल. पाच मिनिटांनी ती परत आली, खुर्ची ओढली आणि बसली. मी सवयीने वही जवळ घेतली. तिने हात पुढे करून ती मिटली. तोंडी बोलण्याला क्रमांक नसतो, तिने मला समजावलं. ते कागदावर येत नाही, त्यामुळे ते सरकारचं होत नाही.

मग ती मला एडलाबद्दल सांगू लागली. तिने काय सांगितलं ते इथे लिहीत नाही. उद्या बॅर्टिल येऊन प्रत मागेल.